माया किती सोडायची

पहिल्या प्रकाशकाने आईचं शिवणकामाचं पुस्तक अध्यात्मात ढकललं, तेव्हाच फौजदारने कानाला खडा लावला. यापुढे कुणी गोड बोलायला लागला की आधी त्याची झडती घ्यायची, मग त्याला पुस्तक दाखवायचं.

फौजदार म्हणजे आईची एकुलती एक लेक. फ्रिज बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार विभागात ती अकरा वर्षं फोन घेत होती. समोरचा माणूस खरं किती बोलतोय आणि तिखटमीठ किती लावतोय, हे तिला त्याच्या पहिल्या दोन वाक्यांत कळायचं. ती सवय घरीही सुटत नसे. कुणी काही मोघम बोललं की "म्हणजे नेमकं कधी? नेमकं कोण म्हणालं?" असं विचारून ती त्याला भंडावून सोडायची. हे नाव तिला आईनेच ठेवलं होतं आणि नवऱ्याने ते आनंदाने उचललं होतं.

आईने चाळीस वर्षं शिवणकाम शिकवलं. पुढच्या खोलीत सहा मशिनं, एक लांबलचक टेबल आणि टेबलाभोवती तिच्या बोलण्याकडे कान लावून उभी असलेली माणसं. दीड वर्षापूर्वी तिने अचानक क्लास बंद केला. "चष्म्याचा नंबर वाढलाय, सुईत दोरा जात नाही," एवढंच सांगितलं, मशिनं एकेका विद्यार्थिनीला देऊन टाकली आणि सहा वर्षांपासून भरत आणलेल्या वह्या बाहेर काढल्या. लेकीने रोज संध्याकाळी बसून त्या टाईप केल्या. शेवटची तीन प्रकरणं वहीत नव्हतीच. ती आईने डोळे मिटून तोंडी सांगितली आणि लेकीने उतरवून घेतली.

पुस्तकाचं नाव आईने ठेवलं होतं, 'माया सोडून बेता'. बेतणं म्हणजे मापाप्रमाणे कापड कापणं, आणि शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड राहू देतात, त्याला शिवणाऱ्यांच्या भाषेत माया म्हणतात. पोर वाढलं की शिवण उसवायची, आतली माया बाहेर काढायची, आणि तोच झगा आणखी एक वर्ष अंगाला येतो. आता इथे माया सोडायची म्हणजे ती टाकायची नसते, मुद्दाम ठेवायची असते. ज्याने पुस्तकाचं पहिलं पान वाचलं, त्याला हे कळायला काही अडचण नव्हती.

पहिल्या प्रकाशकाचं ऑफिस काचेचं होतं आणि त्याची जीभ साखरेची. टाईप केलेली पानं दिल्यापासून चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. "बाई, एका बैठकीत वाचून काढलं. काय अधिकारवाणी आहे हो तुमची! माया सोडल्याशिवाय माणूस मोकळा होत नाही, हे आजवर इतकं सोपं करून कुणी सांगितलंच नव्हतं." आईला वाटलं, गडी विनोद करतोय. माया सोडली नाही तर माणूस मोकळा होत नाही हे खरंच होतं, काखेत काचतं ना. पण आठवड्याने मुखपृष्ठाचा नमुना आला. डोंगराच्या टोकावर डोळे मिटून बसलेला एक माणूस, मागे उगवता सूर्य. 'बेता' हा शब्द त्याला टाईप करताना झालेली चूक वाटली असणार, कारण त्याने तो परस्पर सुधारला होता. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'माया सोडून बेताने जगा'. सोबतच्या पत्रात छपाईचा, समारंभाचा आणि एका पुरस्काराचाही खर्च, सगळाच्या सगळा लेखिकेच्या माथ्यावर.

आई आधी पोट धरून हसली. मग चित्र उपडं करून ठेवत म्हणाली, "एक पानसुद्धा वाचलं नाही गं त्यानं. मला नुसतं हरभऱ्याच्या झाडावर चढवत होता." त्या दिवशी ती फारशी जेवली नाही. झोपायला जाताना तिने एवढंच सांगितलं, "आता आणखी एकदाच. पुढचाही असाच निघाला तर या वह्या मी रद्दीत घालीन. लोकांनी दोनदा हसावं असं काही मी लिहिलेलं नाही." आई बोलली की बोलली. तेवीस वर्षांपूर्वी एकदा रागाच्या भरात तिने चहातली साखर सोडली होती. ती अजून बिनसाखरेचाच पीत होती.

त्यामुळे दुसरा प्रकाशक निवडणं हे आता गमतीचं काम राहिलं नव्हतं. एक चूक, आणि आईची चाळीस वर्षं किलोच्या भावाने गेली असती.

दुसऱ्याचं नाव आईच्या एका जुन्या विद्यार्थिनीने सुचवलं. भागीदारीत पुस्तकं काढणारी ती छोटीशी संस्था होती. अर्धा खर्च लेखकाचा, अर्धा त्यांचा. हक्क लेखकाकडे राहणार, आणि आलेलं प्रत्येक पुस्तक घेतलंच जाईल असं नाही. हे सगळं त्यांच्या माहितीपत्रकात छापलेलं होतं. फौजदारवर त्याचा काडीचाही परिणाम झाला नाही. कागदावर सगळेच सज्जन असतात, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? फ्रिजच्या हमीपत्रावरसुद्धा किती प्रेमळ मजकूर असतो.

ती दोन दुकानांत जाऊन आली. त्यांची पुस्तकं खरोखरच फळीवर होती, तीही दर्शनी. एक मधमाशीपालनाचं पुस्तक तिने विकत घेतलं, त्याच्या बांधणीची शिवण ताणून पाहिली, दोन दिवसांत वाचलं आणि लेखकाला फोन लावला. मधवाला तिरसट होता. "पहिल्यांदा पाठवलं तेव्हा परत केलं त्यांनी. म्हणे, पेटी उघडायच्या आधी माणसानं काय घालायचं ते लिहिलंच नाही. मी वर्षभर रागात होतो. मग लिहिलं." रागावलेला आणि तरीही खूश असलेला ग्राहक तिने अकरा वर्षांत फार थोड्या वेळा ऐकला होता.

मग तिने तिचा हुकमाचा पत्ता टाकला. प्रकाशकबाईंना फोन करून म्हणाली, "ज्यांची पुस्तकं तुम्ही काढलीत, ते चांगलंच बोलणार. ज्याला तुम्ही नाही म्हणालात, अशा एखाद्याचा नंबर द्या."

"त्यांना विचारावं लागेल. ते हो म्हणाले तर देते," प्रकाशकबाई म्हणाल्या.

दोन दिवसांनी नंबर आला. तो एका निवृत्त बसचालकाचा होता. त्याने तीनशे कविता लिहिल्या होत्या. "माझ्या कविता त्यांनी नाही घेतल्या," तो शांतपणे म्हणाला, "पण का नाही घेतल्या ते दोन पानं भरून लिहून पाठवलं. कुठली ओळ माझी आणि कुठली ऐकीव, तेसुद्धा. ती पानं अजून जपून ठेवलीत. ताई, पैसे घेऊन मला खूश करायला बाहेर चार जण तयार होते."

फौजदारने फोन ठेवला आणि आईला सांगितलं, "देऊया." तिच्या तोंडून असा शब्द निघणं म्हणजे इतरांच्या तोंडून पोवाडा निघण्यासारखं होतं.

हस्तलिखित गेलं. त्यानंतर नऊ आठवडे काहीच नाही.

आधी आई रोज विचारायची, "काही आलं का?" मग एक दिवसाआड विचारू लागली आणि मग विचारायची थांबली. एका सकाळी दाराजवळ जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता, त्याच्या शेजारी आईच्या वह्या सुतळीने बांधून ठेवलेल्या दिसल्या. फौजदारने वह्या उचलून आपल्या कपाटात ठेवल्या, कपाटाला कुलूप घातलं आणि ऑफिसला पोचायच्या आधीच जिन्यात उभं राहून फोन केला.

"उशीर झाला, मान्य आहे," प्रकाशकबाई म्हणाल्या. "मी कळवायला हवं होतं, ते राहिलं. काकांचं व्हायचं होतं. काल झालं. मंगळवारी आईंना घेऊन याल का?"

"काकांचं नेमकं काय व्हायचं होतं?"

"ते इथे येऊनच बघा. फोनवर सांगून पटायचं नाही."

पटायचं नाही म्हटल्यावर फौजदारच्या मनात पाल चुकचुकलीच. मंगळवारी तिने सतरा प्रश्नांची यादी पर्समध्ये घातली आणि आईला रिक्षात बसवलं.

ऑफिस एका सायकल दुरुस्तीच्या दुकानावर होतं. जिन्यात रबराच्या चिकटद्रव्याचा वास. वर दोन खोल्या. पहिलीत छतापर्यंत पुस्तकांचे खोके आणि खोक्यांमधून जायला एका माणसापुरती वाट. दुसरीत खिडकीखाली मोठं टेबल. त्यावर एरवी छपाईआधीचे कागद पसरलेले असणार, पण आज ते एका कोपऱ्यात सारले होते आणि मधोमध एक जुनं हातमशीन बसलं होतं. खिडकीच्या कडीला हँगरवर निळ्या ठिपक्यांचा एक झगा लटकत होता, पाच-सहा वर्षांच्या मुलीच्या मापाचा.

प्रकाशकबाई साध्याशा होत्या, चाळिशीच्या, केस पेन्सिलने वर खोचलेले. त्यांच्या शेजारी जाड भिंगांचा चष्मा लावलेले एक टकले गृहस्थ उभे होते. तेच काका. छापायच्या आधी मजकुरातल्या चुका शोधणं हे त्यांचं काम होतं, आणि ते तीस वर्षं तेवढंच करत होते. त्यांच्या डाव्या हाताच्या दोन बोटांना चिकटपट्ट्या होत्या.

"हा मी शिवलाय," काका झग्याकडे बोट दाखवून म्हणाले. आवाज तोंडी परीक्षेला उभं राहिल्यासारखा.

आईने त्यांच्याकडे पाहिलं, झग्याकडे पाहिलं. "तुम्हाला शिवता येतं?"

"छे हो. बटण तुटलं की मी शर्ट बदलतो."

प्रकाशकबाईंनी खुर्च्या पुढे केल्या. "आमच्याकडे एक रीत आहे, बाई. पुस्तक काही करायला शिकवत असेल, तर ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही त्यानं ते समोर ठेवून करून बघायचं. मधमाश्यांच्या वेळी माझी पाळी होती. आठवडाभर हा डोळा उघडत नव्हता."

"मी वहिनीचं मशीन मागून आणलं," काका सांगू लागले. "पहिला झगा झाला तो माणसाच्या आकाराचा नव्हता. दुसऱ्याच्या गळ्यातून डोकं जाईना. ते दोन्ही माझेच प्रताप, मी घाईनं वाचलं होतं. पण हा तिसरा, बाई, मी अक्षर न अक्षर पाळून शिवलाय. म्हणूनच इतके दिवस लागले. आणि तरी हे बघा." त्यांनी झग्याची बाही वर केली. काखेत दोन बोटं जातील एवढं भगदाड होतं.

फौजदारचा पारा चढला. नऊ आठवडे वाट पाहायला लावून हे लोक तिच्या आईच्या तोंडावर भगदाड दाखवत होते. "म्हणजे चूक आईची, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"मला कळत नाही म्हणूनच बोलावलं," काका नरमाईने म्हणाले आणि त्यांनी हस्तलिखित उघडलं. पानापानांतून रंगीत चिठ्ठ्या डोकावत होत्या. शंभराच्या वर असतील. "पान एकतीस. मुंढ्याला, म्हणजे बाही जिथे जोडायची त्या गोलाला, माया अर्धा इंच सोडा. मी अर्धा इंच सोडून कापलं. पान अठ्ठ्याहत्तर. मुंढ्याची माया पाऊण इंच धरून टीप मारा. मी पाऊण इंचावर टीप मारली. आता बाही मुंढ्याला पुरेना."

आईने झगा मागून घेतला आणि तो उलटा केला. शिवण शिकवणारी माणसं कपडा सुलट बाजूने बघतच नाहीत. तिने घेर पाहिला, बगल पाहिली, बोटाचं टोक शिवणीवरून हळूहळू फिरवत नेलं. खाली कुणीतरी चाकात हवा भरत होतं.

"टीप सरळ आहे," आई अखेर म्हणाली. "तिसऱ्या झग्याला इतकी सरळ टीप माझ्या वर्गात फार जणांची आली नाही."

काकांचे कान लाल झाले.

"आणि तुम्ही लिहिल्याप्रमाणेच शिवलंय. चूक पुस्तकाची आहे." आईने बोट पुन्हा काखेपाशी आणलं. "खरं तर दोन्ही आकडे बरोबर आहेत. काखेत अर्धा, खांद्यावर पाऊण. मधल्या भागात हात आपोआप सरकतो."

"आपोआप म्हणजे कसा?" काकांनी कानामागची पेन्सिल काढली.

फौजदारने आयुष्यात पहिल्यांदा आईला शिवणकामातल्या प्रश्नापुढे गप्प झालेलं पाहिलं. "बोटांना कळतं हो," आई म्हणाली. "चाळीस वर्षं करतेय. आपण काही करतोय हेसुद्धा माझ्या लक्षात आलं नव्हतं."

प्रकाशकबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि सरळ बोलायला सुरुवात केली. "बाई, पुस्तक फार चांगलं आहे. कापडाबद्दल असं लिहिलेलं मी वाचलेलं नाही. पण आज आहे तसं आम्ही ते छापणार नाही. हे भगदाड वाचणाऱ्या प्रत्येकाच्या झग्याला पडेल, आणि त्याला वाटेल आपणच ढ आहोत. हे नीट लिहून व्हायला हवं. काकांचा झगा बसला की करार करू. तोवर तुमच्याकडून आम्ही एक पैसा घेणार नाही. आणि शेवटपर्यंत नाहीच जमलं, तर का नाही जमलं तेही लिहून देऊ."

फौजदारच्या सतरापैकी नऊ प्रश्नांची उत्तरं त्यात आपसूक येऊन गेली होती. पण तिचं लक्ष आईच्या चेहऱ्याकडे होतं, आणि डोळ्यांसमोर सुतळीने बांधलेल्या वह्या. आता आई उठेल, नमस्कार करील आणि घरी जाऊन कपाटाची किल्ली मागील, याची तिला खात्री होती.

"करून दाखवता का?" काकांनी विचारलं. "तो मधला भाग. तुम्ही टाके घाला, मी बघून लिहितो." त्यांनी सुईत दोरा ओवून सुई आईपुढे धरली.

आईने सुई घेतली नाही. तिने झगा मांडीवर ओढला आणि दोन्ही हात त्याच्याखाली घातले.

"तिच्या डोळ्यांना त्रास आहे," फौजदार घाईघाईने म्हणाली. "नंबर वाढलाय. म्हणून तर क्लास—"

"डोळ्यांना काही झालेलं नाही," आई म्हणाली.

फौजदार तिच्याकडे वळली.

"हात थरथरतो माझा." आई तिच्याकडे नाही, काकांकडे बघून बोलत होती. "सुई धरली की थरथरतो. पेन धरलं की थरथरतो. कप धरताना नाही, भाजी चिरताना नाही. फक्त जे मला येतं तेवढंच करताना. दीड वर्ष झालं. पोरींपुढे हात कापायला लागला तर कसं दिसेल, म्हणून क्लास बंद केला. त्यामुळे मी करून दाखवू शकणार नाही. सांगू शकते."

फौजदारला सगळ्यात आधी राग आला. रोज पन्नास अनोळखी लोकांची रडगाणी ऐकणाऱ्या बाईला शेजारच्या खोलीतली ही एक तक्रार दीड वर्ष ऐकू आली नव्हती. शेवटची तीन प्रकरणं आई तोंडी सांगत होती आणि ती मान खाली घालून टाईप करत बसली होती, डोळ्यांचे थेंब वेळेवर घातले का, असं अधूनमधून विचारत. स्वतःच्या या हुशारीची तिला लाज वाटली.

काकांनी "अरेरे" म्हटलं नाही. त्यांनी आपली खुर्ची आईच्या खुर्चीला टेकवून ठेवली, झग्याची बाही उसवायला घेतली आणि म्हणाले, "मग माझी बोटं वापरा. चिकटपट्टीला हसू नका म्हणजे झालं."

आईने झग्याखालून एक हात बाहेर काढला आणि काकांच्या अंगठ्यावर ठेवला. "इथे दाबा. इतकं नाही, कापडाचा जीव जाईल. आता वरचं कापड जरा पुढे ढकला. जरासंच. हं, आता ते आपलं आपण येतंय, येऊ द्या."

"जरासं म्हणजे किती?" काका.

"तांदळाच्या दाण्याएवढं."

"प्रत्येक टाक्याला?"

"नाही." आईने डोळे मिटले, बोटं काकांच्या बोटांवर तशीच. "काखेपासून चार बोटं वर येईपर्यंत काहीच नाही. तिथून एक टाका सोडून एक. खांद्याच्या शिवणीपाशी थांबायचं. अगं बाई, थांबायचं. मी तिथे थांबते. हे मला आज कळतंय."

प्रकाशकबाई सगळं भराभर उतरवून घेत होत्या. मध्येच त्या "चार बोटं कुणाची, तुमची की काकांची?" असं विचारत, आणि आई प्रत्येक प्रश्नाला आधी कपाळावर आठी घालून आणि मग खुलून उत्तर देत होती. दीड वर्षात आईचा हा आवाज फौजदारने ऐकला नव्हता. टेबलाभोवतीच्या माणसांना शिकवतानाचा आवाज. या तिघांना कुणी बाहेरून पाहिलं असतं, तर पुस्तक छापण्याशी याचा काय संबंध, असंच विचारलं असतं. फौजदारला मात्र वाटलं की कामात इतकी बुडालेली, इतकी चिवट आणि इतकी चांगली माणसं आपण आयुष्यात पाहिलेली नाहीत. तिने यादी पर्समधून काढली, घडी घातली आणि परत आत ठेवून दिली.

काका दोरा बदलायला उठले तेव्हा ती आईच्या कानाशी वाकली. "मला का नाही सांगितलंस?"

"तू चौकशी बसवली असतीस. उद्यापासून डॉक्टर, तपासण्या, गोळ्या. मला आधी पुस्तक पुरं करायचं होतं."

"आणि यांना सांगितलंस. तासाभराच्या ओळखीवर."

"यांना सांगावंच लागलं," आई म्हणाली. "त्या पहिल्या माणसापुढे माझी थाप खपून गेली असती. तो नाहीतरी काही बघणारच नव्हता. हे करून बघतात गं. यांच्यापुढे थाप कशी चालेल?"

फौजदार म्हणाली, "दवाखान्यात मात्र मी नेणार. या आठवड्यातच."

"ने की," आई म्हणाली आणि काकांच्या अंगठ्यासाठी हात पुढे केला. "एवढी बाही लागू दे."